जोडीदार व्हिसा : प्रायोजकत्वाची माघार

जोडीदार व्हिसाच्या प्रायोजकत्वाची माघार म्हणजे परदेशात राहणाऱ्या पतीने किंवा पत्नीने आपल्या जोडीदारासाठी त्या देशाच्या सरकारकडे दिलेला अर्ज, हमी अथवा आधार परत घेणे. विवाहामुळे मिळणारा प्रवेशपरवाना हा बहुतेक देशांत अर्जदाराचा स्वतंत्र हक्क नसतो. तेथे आधीपासून राहणाऱ्या जोडीदाराने ‘ही माझी पत्नी आहे’ किंवा ‘हा माझा पती आहे’ असे सांगून तिची अथवा त्याची जबाबदारी घेतल्यावरच तो मिळतो. अशी जबाबदारी घेणाऱ्यास प्रायोजक म्हणतात. प्रायोजकाने माघार घेतली की विवाह कायद्याने टिकून असला, तरी परदेशात राहण्याचा आधार डळमळीत होतो. माघारीचा परिणाम ती कोणत्या टप्प्यावर घेतली, देश कोणता आणि प्रायोजकाचा तेथील दर्जा कोणता, यांवर अवलंबून असतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न मुंबई-पुण्यापुरता मर्यादित नाही. माहिती तंत्रज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी आणि कृषिसंशोधन या क्षेत्रांतील नोकऱ्यांमुळे, तसेच आखाती देशांतील रोजगारामुळे मराठवाड्यातील कुटुंबांचेही परदेशाशी संबंध जुळले आहेत. परभणी जिल्ह्यातील एखादी विवाहिता परदेशातून माहेरी परत पाठविली गेली, तर तिचा प्रश्न परदेशी कायद्याशी जोडलेला असला, तरी दाद मागण्याची सुरुवात बहुधा जिल्ह्यातील न्यायालयापासूनच होते.

संज्ञा आणि संकल्पना

या विषयात तीन गोष्टींची वारंवार गल्लत होते. व्हिसा म्हणजे देशात प्रवेश मागण्याची परवानगी. निवासाचा दर्जा म्हणजे प्रवेशानंतर तेथे कोणत्या अटींवर आणि किती काळ राहता येईल, याची कायदेशीर स्थिती. विवाह हा या दोहोंचा आधार असला, तरी त्यांच्याहून वेगळा संबंध आहे. प्रायोजकत्व मागे घेतल्याने विवाह मोडत नाही. उलट विवाह मोडल्याने निवासाचा दर्जा मात्र अनेकदा संपतो.

दुसरा भेद अवलंबित आणि स्थलांतरित यांमधला आहे. नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्या व्यक्तीचा जोडीदार ‘अवलंबित’ म्हणून जातो आणि त्याचा दर्जा मूळ व्हिसाधारकाच्या दर्जाला बांधलेला असतो. नागरिकाने किंवा स्थायी रहिवाशाने प्रायोजित केलेला जोडीदार मात्र ‘स्थलांतरित’ म्हणून जातो. काही काळाने तो स्वतःच्या नावाने स्थायी निवासाचा हक्कदार होतो. माघारीचा फटका पहिल्या प्रकारात अधिक बसतो, कारण तेथे स्वतंत्र हक्काकडे जाणारी वाटच अरुंद असते.

पतीने न नांदविलेल्या स्त्रीसाठी मराठीत ‘परित्यक्ता’ हा शब्द रूढ आहे. १९८०च्या दशकात संगमनेर येथे समता आंदोलनाने परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरविली आणि या स्त्रियांचा प्रश्न महाराष्ट्राच्या सार्वजनिक चर्चेत आणला. परदेशस्थ विवाहातील त्याग हे त्याच प्रश्नाचे नवे रूप मानता येईल. फरक एवढाच की येथे घराच्या दाराबरोबर देशाची सीमाही बंद होते.

माघारीचे प्रकार

पहिला प्रकार जाण्यापूर्वीच्या माघारीचा. विवाह भारतात होतो, पती काही आठवड्यांत परत जातो आणि व्हिसाची कागदपत्रे लवकरच पाठवू असे सांगतो. पुढे अर्ज दाखलच होत नाही, किंवा दाखल केलेला अर्ज मागे घेतला जातो. पत्नीने या काळात नोकरी सोडलेली असते आणि विवाहाचा खर्च होऊन गेलेला असतो.

दुसरा प्रकार परदेशात पोहोचल्यानंतरचा. मतभेद किंवा छळ सुरू झाल्यावर ‘तुझा व्हिसा रद्द करतो’ ही धमकी नियंत्रणाचे साधन बनते. भाषा, बँकखाते आणि कामाचा परवाना यांपैकी काहीच हाती नसलेल्या व्यक्तीला ती खरी वाटते. अनेक देशांत प्रायोजकाला व्हिसा स्वतः रद्द करता येत नाही. तो फक्त सरकारला कळवू शकतो आणि निर्णय सरकार घेते. तरीही धमकीचा परिणाम कायद्यावर नव्हे, तर ऐकणाऱ्याच्या माहितीवर अवलंबून असतो.

तिसरा प्रकार भारतात आणून सोडण्याचा. सुट्टी, सण किंवा नात्यातील लग्न असे निमित्त सांगून पत्नीला मायदेशी आणले जाते. तिचा पासपोर्ट आणि निवासाची कागदपत्रे काढून घेतली जातात आणि पती एकटाच परत जातो. त्यानंतर तेथील अधिकाऱ्यांना सहजीवन संपल्याचे कळवून घटस्फोटाचा अर्ज दाखल होतो. पत्नी त्या देशात नसल्याने तिला तेथील संरक्षण मागणेही कठीण होते. इंग्लंडमधील कायद्याने या वर्तनाला आंतरदेशीय वैवाहिक परित्याग म्हणून स्वतंत्रपणे ओळखले आहे.

पुरुषांवरही ही वेळ येते. पंजाबात शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या मुलीचा सर्व खर्च वराकडील मंडळींनी करावा आणि पुढे तिने पतीला बोलावून घ्यावे, अशा बोलीवर विवाह ठरतात. तेथे पोहोचल्यावर पत्नीने संबंध तोडल्याच्या तक्रारी पोलिसांकडे आल्या आहेत.

विविध देशांतील तरतुदी

अमेरिका : नागरिक किंवा स्थायी रहिवासी आपल्या जोडीदारासाठी आय-१३० हा अर्ज करतो. निर्णय होण्यापूर्वी तो लेखी कळवून मागे घेता येतो. अर्ज मंजूर झाल्यावर, पण जोडीदाराने त्या आधारे देशात प्रवेश करण्यापूर्वी माघार घेतली, तर मंजुरी आपोआप रद्द होते. स्थायी निवास एकदा मिळाल्यावर मात्र पतीच्या किंवा पत्नीच्या पत्राने तो जात नाही. १९८६च्या कायद्यानुसार विवाहाला दोन वर्षे पूर्ण होण्याआधी मिळालेला निवास दोन वर्षांसाठी सशर्त असतो आणि अट काढण्यासाठी दोघांनी मिळून अर्ज करावा लागतो. जोडीदार सही करण्यास नकार देत असेल, तर घटस्फोट, छळ किंवा अतिशय कठीण परिस्थिती या कारणांवरून एकट्याने अर्ज करण्याची सवलत आहे.

१९९४च्या महिलांवरील हिंसाचारविरोधी कायद्याने आणखी एक वाट दिली. नागरिक किंवा स्थायी रहिवासी असलेल्या जोडीदाराकडून छळ झाला असल्यास पीडित व्यक्ती त्याच्या नकळत स्वतःचा अर्ज दाखल करू शकते. कायद्याच्या नावात महिला हा शब्द असला, तरी ही सोय पुरुषांनाही आहे. मात्र नोकरीच्या एच-१बी व्हिसावरील व्यक्तीच्या एच-४ अवलंबित जोडीदाराला ती मिळत नाही, आणि भारतातून गेलेल्या अनेक तरुण दांपत्यांचा दर्जा नेमका हाच असतो. घटस्फोट अंतिम झाला की एच-४ दर्जा संपतो. छळ झालेल्या एच-४ जोडीदाराला कामाचा परवाना मागता येतो, पण त्यातून स्थायी निवासाचा हक्क निर्माण होत नाही.

स्थलांतरित जोडीदारासाठी प्रायोजकाने दिलेले आर्थिक आधाराचे प्रतिज्ञापत्र हा या विषयातील फारसा माहीत नसलेला भाग आहे. स्थायी निवास मंजूर झाल्यावर ही हमी मागे घेता येत नाही आणि घटस्फोटानेही ती संपत नाही. जोडीदार नागरिक होईपर्यंत, त्याच्या खात्यावर सुमारे दहा वर्षांचे काम जमा होईपर्यंत, त्याने देश कायमचा सोडेपर्यंत किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू होईपर्यंत ती टिकते.

ब्रिटन : ९ जुलै २०१२ पूर्वी जोडीदाराला दोन वर्षांच्या परीक्षाकाळानंतर स्थायी निवास मिळत असे. त्यानंतर हा काळ पाच वर्षांचा झाला. बाहेरून येणाऱ्यास प्रथम ३३ महिन्यांचा परवाना मिळतो आणि पुढे ३० महिन्यांची वाढ मिळते. संबंध तुटल्याचे कळताच सरकार उरलेला काळ कमी करू शकते. छळामुळे संबंध तुटला असल्यास त्याच कारणावर स्थायी निवास मागण्याची तरतूद आहे. ३१ जानेवारी २०२४ पासून परदेशात नेऊन सोडलेल्या जोडीदारालाही ब्रिटनबाहेरून असा अर्ज करता येतो. त्यामुळे भारतात आणून सोडलेल्या स्त्रीपुढे पूर्वी बंद असलेला एक मार्ग खुला झाला. विद्यार्थी किंवा नोकरदार यांच्या अवलंबित जोडीदाराला मात्र स्थायी निवासाचा हा मार्ग उपलब्ध नाही.

कॅनडा : स्थायी निवास मिळेपर्यंत प्रायोजकाला माघार घेता येते. तो मिळाल्यानंतर जोडीदाराच्या पालनपोषणाची तीन वर्षांची हमी बंधनकारक राहते आणि विभक्त झाल्यानेही ती सुटत नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये तेथे काही जोडीदारांसाठी दोन वर्षांच्या सहजीवनाची अट घालण्यात आली होती. त्या अटीमुळे छळ सहन करीत राहण्याची पाळी येते, अशी टीका झाल्यावर एप्रिल २०१७ मध्ये ती काढून टाकण्यात आली.

जर्मनी : सर्वसाधारणपणे तीन वर्षे वैवाहिक सहजीवन झाल्यावर जोडीदाराला स्वतंत्र निवासहक्क मिळतो. छळासारख्या कठीण प्रसंगी ही कालमर्यादा शिथिल करता येते.

आखाती देश : येथे पतीचे प्रायोजकत्व सर्वांत थेट स्वरूपाचे आहे. कुटुंबाचा निवासपरवाना पतीच्या परवान्यावर उभा असतो आणि त्याच्या अर्जावरून तो रद्द होऊ शकतो. पतीची नोकरी गेली, तरी कुटुंबाचा परवाना धोक्यात येतो. संयुक्त अरब अमिरातीने ऑक्टोबर २०१८ पासून विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांना प्रायोजकाविना एक वर्ष राहण्याची सवलत दिली.

भारतीय कायद्याची भूमिका

परदेशी सरकारने कोणाला व्हिसा द्यावा, हे भारतीय न्यायालय ठरवू शकत नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ९ नुसार नांदविण्याचा, म्हणजेच वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा हुकूमनामा मिळाला, तरी त्याच्या आधारे कोणतीही वकिलात व्हिसा देण्यास बांधील होत नाही. विवाहाचे परिणाम, पोटगी, स्त्रीधन आणि छळाबद्दलची जबाबदारी या बाबी मात्र भारतीय न्यायालयांच्या कक्षेत येतात.

परदेशी घटस्फोटाविषयीचा मूलभूत निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी या खटल्यात दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या या निर्णयानुसार, ज्या कायद्याखाली विवाह झाला त्या कायद्यातील कारणांवर आणि त्या कायद्याने अधिकार दिलेल्या न्यायालयाने दिलेला घटस्फोटच भारतात ग्राह्य धरला जातो. पत्नी त्या देशात कायम राहत असेल, तिने स्वेच्छेने तेथील न्यायालयापुढे येऊन दावा लढविला असेल किंवा घटस्फोटास संमती दिली असेल, तर अपवाद होऊ शकतो. म्हणून परदेशी समन्स आल्यावर त्याकडे दुर्लक्ष करणे आणि विचार न करता संपूर्ण कैफियत दाखल करणे, हे दोन्ही धोक्याचे ठरू शकते. केवळ अधिकारक्षेत्रावर आक्षेप घेण्यासाठी हजर होणे आणि दावा गुणवत्तेवर लढविणे यांत कायदा फरक करतो.

या निर्णयातून एक विलक्षण स्थिती उद्भवते. परदेशातील एकतर्फी घटस्फोट भारतात अमान्य ठरला, तरी तो देणारा देश तो मानतोच. परिणामी तीच स्त्री भारतात विवाहित आणि त्या देशात घटस्फोटित ठरते. व्हिसाचा निर्णय तो देश आपल्या नोंदीवरून घेतो. भारतीय निकालामुळे तिचा पत्नी म्हणून दर्जा आणि पोटगीचा हक्क सुरक्षित राहतो, परंतु परदेशातील निवास परत मिळत नाही.

नीरजा सराफ विरुद्ध जयंत सराफ (१९९४) हा खटला जाण्यापूर्वीच्या माघारीचे ठळक उदाहरण आहे. १९८९ मध्ये झालेल्या या विवाहानंतर पती अमेरिकेस परतला. त्याच्याकडे जाण्याच्या तयारीत पत्नीने शिक्षिकेची नोकरी सोडली आणि पुढे अमेरिकी न्यायालयात विवाह रद्द करण्याची कार्यवाही सुरू झाल्याचे तिला समजले. तिने भारतात नुकसानभरपाईचा दावा केला. सर्वोच्च न्यायालयाने या निमित्ताने तीन सूचना केल्या. भारतात झालेला असा विवाह परदेशी न्यायालयाला रद्द करता येऊ नये, पतीच्या भारतातील व परदेशातील मालमत्तेतून पत्नीला पुरेशी पोटगी मिळावी आणि भारतीय न्यायालयांचे हुकूमनामे परदेशात अमलात यावेत, अशा त्या होत्या.

तिसऱ्या सूचनेचे महत्त्व अंमलबजावणीच्या वेळी कळते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ नुसार ब्रिटन, सिंगापूर आणि जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिराती यांच्याशी हुकूमनाम्यांच्या अंमलबजावणीची परस्पर व्यवस्था आहे. अमेरिकेशी अशी व्यवस्था नाही.

संसदेच्या महिला सक्षमीकरणविषयक समितीने २००७ मध्ये अनिवासी भारतीय पतींनी सोडून दिलेल्या स्त्रियांच्या स्थितीवर अहवाल दिला. त्यानंतर २००९ मध्ये राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीय कक्ष सुरू झाला. अशा विवाहांची ३० दिवसांत नोंदणी सक्तीची करणारे आणि नोंदणी न केल्यास पासपोर्ट जप्त करण्याची मुभा देणारे विधेयक ११ फेब्रुवारी २०१९ रोजी राज्यसभेत मांडण्यात आले, पण ते संमत झाले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८७व्या अहवालात या विषयावर सर्वंकष केंद्रीय कायद्याची शिफारस केली.

परभणी जिल्ह्यातून दाद मागण्याचे मार्ग

परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा आणि पालम या नऊ तालुक्यांच्या जिल्ह्यात परदेशी स्थलांतर कायद्याचे जाणकार सहज मिळत नाहीत. तरीही पुढील तरतुदींमुळे माहेरी परतलेल्या स्त्रीला पतीच्या गावी किंवा परदेशी जाऊन दावा करण्याची सक्ती नाही.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २७ नुसार पीडित स्त्री कायम किंवा तात्पुरती जेथे राहते, तेथील न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. कलम १९ खाली स्त्रीधन व मौल्यवान कागदपत्रे परत करण्याचा आदेश देता येतो. अडवून ठेवलेल्या कागदपत्रांच्या बाबतीत ही तरतूद उपयोगी पडते. पासपोर्ट अधिनियम, १९६७ प्रमाणे पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता असते. पती किंवा सासरची मंडळी तो जप्त करू शकत नाहीत. हिंदू विवाह अधिनियमात २००३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पत्नीला ती राहत असलेल्या ठिकाणी वैवाहिक दावा दाखल करण्याची मुभा मिळाली. रूपाली देवी खटल्यात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छळाची फौजदारी तक्रारही स्त्रीने आश्रय घेतलेल्या ठिकाणी चालू शकते, असे स्पष्ट केले. पूर्वीचे कलम ४९८अ आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहे आणि पोटगीची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. जिल्ह्यातील प्रकरणांचे अपिलीय काम मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जाते.

खर्चाची अडचण असणाऱ्यांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते. परदेशात असतानाच अडचण आल्यास भारतीय दूतावासाकडे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या ऑनलाइन व्यवस्थेवर तक्रार नोंदविता येते. संकटग्रस्त स्त्रियांना परदेशात वकील व समुपदेशन मिळावे, म्हणून दूतावासांमार्फत मर्यादित आर्थिक साहाय्याची योजनाही आहे.

पुराव्याचे महत्त्व

अशा प्रकरणांत न्यायालय आणि परदेशी अधिकारी दोघेही कागद मागतात. पहिला कागद विवाहनोंदणीचा. महाराष्ट्रात १९९८च्या विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियमाप्रमाणे नोंदणी होते आणि ग्रामीण भागात ती ग्रामपंचायत पातळीवर करता येते. लग्नपत्रिका आणि छायाचित्रे पूरक पुरावा ठरतात, पण नोंदणी प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाहीत. परदेशात वापरण्यासाठी या प्रमाणपत्रावर ॲपोस्टिल शिक्का घ्यावा लागतो. त्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार भारताला १४ जुलै २००५ पासून लागू आहे.

पासपोर्ट, व्हिसा आणि निवासपत्र यांच्या प्रती, व्हिसा अर्जाचा क्रमांक, पतीचा परदेशातील पत्ता व नोकरीचे ठिकाण, संदेश आणि बँकव्यवहार यांची नोंद माहेरी विश्वासू व्यक्तीकडे असल्यास मूळ कागद हिरावले गेले, तरी दावा उभा राहू शकतो. अर्जाचा क्रमांकच ठाऊक नसल्याने आपला अर्ज कधी दाखल झाला होता की नाही, हेही काही स्त्रियांना सांगता येत नाही. कालमर्यादा हाही कळीचा मुद्दा आहे. अमेरिकेत छळाच्या कारणावरून करावयाचा स्वतंत्र अर्ज घटस्फोटानंतर दोन वर्षांच्या आत करावा लागतो. समेटाची वाट पाहण्यात ही मुदत निघून जाऊ शकते.

प्रायोजकाची बाजू

प्रत्येक माघार अन्यायाचीच असते असे नाही. केवळ परदेशप्रवेशासाठी केलेला दिखाऊ विवाह, लपविलेला पूर्वविवाह किंवा प्रायोजकाचाच झालेला छळ ही माघारीची रास्त कारणे ठरू शकतात. शिवाय विवाह संपल्याची माहिती सरकारला देणे अनेक देशांत प्रायोजकाचे कर्तव्य असते. ती दडवून प्रायोजकत्व चालू ठेवल्यास तोच अडचणीत येतो. म्हणून आधुनिक स्थलांतर कायदे माघारीचा हक्क काढून घेत नाहीत. फसवणूक रोखणे आणि परावलंबी जोडीदाराला छळापासून वाचविणे, या दोन उद्देशांचा मेळ घालण्याचा ते प्रयत्न करतात.

भारतातील उलट स्थिती

भारतीय नागरिकाशी विवाह करून येथे राहणाऱ्या परदेशी व्यक्तीलाही असाच प्रश्न भेडसावतो. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ७अ नुसार विवाह नोंदविलेला असून तो सलग दोन वर्षे टिकला असल्यास परदेशी जोडीदाराला समुद्रपार भारतीय नागरिक म्हणून नोंदणी मिळू शकते. कलम ७ड प्रमाणे विवाह न्यायालयाने संपुष्टात आणल्यास ही नोंदणी रद्द करता येते. म्हणजे निवासाचा हक्क विवाहाला बांधण्याचे तत्त्व भारतानेही स्वीकारले आहे. परदेशातील भारतीय स्त्रियांसाठी मागितली जाणारी संरक्षणे भारतात राहणाऱ्या परदेशी जोडीदारांनाही असावीत का, हा प्रश्न त्यातून पुढे येतो.